शनिवारी नऊ ते अकरा करुणा

आमच्या भाऊजींइतका जन्मात एकदाही न भरकटलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि देवाच्या कृपेने पुन्हा पाहायची वेळ येऊ नये. भाऊजी म्हणजे माझ्या आत्येबहिणीचे, ताईचे यजमान. मुक्काम ट्रॉय, मिशिगन. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत बावीस वर्षं त्यांनी प्लॅनिंग केलं. कुठला नट कुठल्या दिवशी, किती वाजता, कारखान्याच्या कुठल्या दारातून आत यायचा, हे भाऊजी सहा महिने आधी सांगत, आणि तो बिचारा नट यायचाही. अडचण एवढीच होती की जगातली माणसंही नटच आहेत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी सन दोन हजारमध्ये नागपूरहून ॲन आर्बरला पीएचडीसाठी आलो तेव्हा विमानतळावर मला न्यायला तेच आले होते. कुठल्या दाराने बाहेर यायचं हे त्यांनी मला आधीच लिहून कळवलं होतं. दोन मोठ्या बॅगा आणि पहिलं विमान, या गडबडीत मी भलत्याच दाराने बाहेर पडलो. काचेपलीकडे भाऊजी दिसले. त्यांनाही मी दिसलो. मी हात हलवला, त्यांनीही हलवला. पण तो स्वागताचा नव्हता, परत आत जाऊन ठरलेल्या दाराने बाहेर ये असं सांगणारा होता. मी गेलो. दोन्ही बॅगा ओढत गेलो. आयुष्यात त्यांचं ऐकण्याची मी केलेली ती पहिली चूक.

घरात ताईची अवस्था कारखान्यापेक्षा वेगळी नव्हती. किराणा दुकानाच्या गल्ल्या ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने सामानाची यादी लिहायची असा दंडक होता, आणि दुधाच्या गल्लीत पोचल्यावर कोथिंबीर आठवली तर ती आठवण त्या आठवड्यापुरती विसरायची. कोथिंबिरीची गल्ली मागे पडलेली असे. मी एकदा म्हटलं, मी पळत जाऊन आणतो, वीस पावलं तर आहेत. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर रस्त्यात गाडी उलटी चालवण्याची परवानगी मागितली आहे. त्या आठवड्यात आम्ही पोहे बिनकोथिंबिरीचे खाल्ले, आणि भाऊजींनी ते अगदी शांतपणे, दोन वेळा मागून घेऊन खाल्ले. ताई माझ्याकडे बघून नुसती हसली. वीस वर्षांत तिने हसण्याचे एवढे प्रकार कमावले होते की बोलायची गरजच राहिली नव्हती.

असा हा माणूस आपल्या एकुलत्या एक मुलीला डॉक्टर करायला निघाला. सईला स्वतःलाही डॉक्टरच व्हायचं होतं, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर वाचकांना उगाच तिची दया यायची. ती लहानपणी बाहुल्यांना नव्हे, बापाला बँडेज बांधायची. पण इथली रीत आपल्यासारखी नाही. बारावी झाली, मार्क पडले, घुसले मेडिकलला, असं इथे होत नाही. आधी चार वर्षं कॉलेजात कुठलीही पदवी घ्यायची, त्यात जीवशास्त्र, रसायन, भौतिक असे ठरावीक विषय उरकायचे, आणि मग मेडिकल कॉलेजांचे दरवाजे ठोठावायचे. या चार वर्षांच्या उमेदवारीला प्रीमेड म्हणतात. भाऊजींना यातला ‘कुठलीही’ हा शब्द फार झोंबला. "कुठलीही म्हणजे काय?" ते म्हणाले, "उद्या म्हणतील, कुठलाही बोल्ट लावा." आणि त्याच आठवड्यात त्यांनी तळघरातलं पिंगपाँगचं टेबल ताब्यात घेतलं. ते टेबल डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून आणलेलं होतं आणि त्यावर आजवर एकही चेंडू पडलेला नव्हता.

त्या टेबलावर सईची चार वर्षं पसरली गेली. चार कसली, तीन. शाळेत असतानाच इथे कॉलेजच्या पातळीची एपी नावाची परीक्षा देता येते. चांगले गुण पडले की कॉलेजात तो विषय माफ होतो. सईला जीवशास्त्रात पाचपैकी पाच पडले होते. भाऊजींच्या लेखी हा विषय आता जगातून नाहीसा झाला होता, आणि त्या माफीच्या पायावर त्यांनी चार वर्षांचा इमला तीन वर्षांत उभा केला. ऑफिसच्या यंत्रावर छापून आणलेला सहा फुटी कागद, त्यावर सेमिस्टरांचे पट्टे, पट्ट्यांवर विषयांच्या रंगीत चिठ्ठ्या. हिरवी म्हणजे ए ग्रेड नक्की. पिवळी म्हणजे कष्ट. लाल चिठ्ठी फक्त ऑरगॅनिक केमिस्ट्रीला होती आणि तिच्याभोवती त्यांनी पेन्सिलीने कुंपण काढलं होतं. दर बदलाला नवा नंबर. सई कॉलेजात पाऊल टाकायच्या आधी आराखडा सतराव्या रिव्हिजनला पोचला होता. रात्री अकरा ते सहाचा पट्टा तेवढा कोरा होता. मी विचारलं, ही झोप का? भाऊजी म्हणाले, "नाही, तो बफर. काही मागे पडलं तर भरून काढायला."

बाकी कशालाही कोरेपण माफ नव्हतं. मेडिकल कॉलेजांना सर्वगुणसंपन्न मुलं आवडतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून पहिल्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरांत कलेचा इतिहास घातला. सर्वगुण एकूण आठ क्रेडिटचे. चित्रं बारकाईने बघायची सवय लागली की डॉक्टरला रोगीही बारकाईने दिसतो, असंही कुठल्याशा मासिकाने त्यांना सांगितलं होतं. मेडिकलच्या मुलाखतीत सेवाभाव विचारतात म्हणून एक गुलाबी चिठ्ठी होती. तिच्यावर भाऊजींच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : करुणा, शनिवार, नऊ ते अकरा. म्हणजे शनिवारी सकाळी हॉस्पिटलात जाऊन म्हाताऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलायच्या. सव्वाअकराला एखाद्या आजोबांना सईशी बोलावंसं वाटलं तर त्यांनी पुढच्या शनिवारची वाट पाहावी. आणि संशोधनाची एक चिठ्ठी होती, तिच्यावर माझं नाव. मी गाडीच्या इंजिनाची थरथर कमी कशी करावी यावर काम करत होतो. डॉक्टरकीशी त्याचा काय संबंध, असं मी विचारलं, तर म्हणाले, "हृदयही थरथरतंच की." या माणसाशी वाद घालून कोणाचं भलं झालं आहे?

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांच्या तावडीत डॉक्टर सापडणं ही तर सगळ्यांची करमणूक होती. एकदा असेच एक त्वचारोगतज्ज्ञ गृहस्थ, हातात बटाटेवड्याची बशी, भाऊजींनी कोपऱ्यात गाठले. तुम्ही ऑरगॅनिक कितव्या सेमिस्टरला घेतली, फिजिक्स बरोबर घेतली की नंतर, घेतली तर लॅब सकाळची की दुपारची, अशी सरबत्ती झाली. गृहस्थ भले होते. ते म्हणाले, मी मिरजेहून एमबीबीएस करून आलो, मला हे काहीच करावं लागलं नाही. भाऊजींचा चेहरा पडला. "मग तुमचा काही उपयोग नाही," असं म्हणून ते सरळ पाणी प्यायला निघून गेले. वीस वर्षं लोकांची त्वचा बरी करणारा तो माणूस वडा हातात धरून तसाच उभा राहिला.

दोन हजार तीनच्या जानेवारीत, म्हणजे सई अजून शाळेतच होती तेव्हा, ते एका सकाळी स्टॉपवॉच घेऊन ॲन आर्बरला माझ्या दारात हजर झाले. सई पुढे माझ्याच विद्यापीठात येणार होती. केमिस्ट्रीचा वर्ग एका टोकाला, गणिताचा दुसऱ्या टोकाला, मध्ये दहा मिनिटं. बर्फात तेवढी पुरतात का हे पाहायचं होतं. हवा अशी की नाक आहे की गळून पडलं हे चाचपून पाहावं लागत होतं. भाऊजी पुढे, मी मागे. वाटेत ते बर्फावरून घसरले आणि चांगले आडवे झाले. मी धावलो, तर त्यांनी पडल्या पडल्या हात वर करून मला थांबवलं आणि घड्याळाचं बटण दाबलं. पडण्याचा वेळ वेगळा मोजायचा होता. एकूण साडेअकरा मिनिटं, पडझड वजा जाता दहा. "बसतंय," ते म्हणाले, आणि लंगडत गाडीकडे गेले. सई पडणार नाही हे आराखड्यात गृहीत होतं.

ती कॉलेजात आल्यावर दर रविवारी सकाळी दहाला डबा आणि नवी रिव्हिजन घेऊन ते माझ्या अपार्टमेंटवर येऊ लागले. सईही तिथेच येई. डब्यात ताईचे पराठे असत आणि भाऊजींच्या तोंडात माझ्यासाठी एक कायमचा प्रश्न असे : तुझं कधी संपणार? माझ्या पीएचडीचं तेव्हा चौथं वर्ष होतं आणि मला स्वतःलाच पत्ता नव्हता. भाऊजींबद्दल मी इतकं वाईट का बोलतो असं कोणाला वाटत असेल तर त्यातला अर्धा भाग त्या प्रश्नाचा आहे. मी पराठ्याचा तुकडा तोडू लागलो की ते मान हलवत आणि सईला म्हणत, बघ, प्लॅन नसला की असा मामा होतो.

त्यांना सर्वात मोठा धक्का दिला तो या देशाच्या कायद्याने. पहिल्या सहामाहीचे गुण विचारायला त्यांनी विद्यापीठाच्या कचेरीत फोन केला. पलीकडच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं की मुलगी सज्ञान आहे, तिचे गुण आम्ही फक्त तिला सांगतो. भाऊजींनी त्यांना आपण बाप आहोत हे तीन वेगवेगळ्या प्रकारांनी समजावलं. बाईंना ते तिन्ही वेळा पटलं आणि तिन्ही वेळा त्यांनी गुण सांगायला नकार दिला. "बापाला मार्क सांगत नाहीत," ते पुढे महिनाभर ज्याला त्याला सांगत होते, "हा कसला देश?" शेवटी सई फोनवरून तोंडी गुण सांगेल आणि ते लिहून घेतील असं ठरलं. आणि इथेच, मला कबूल करायला हरकत नाही, आमच्या कारस्थानाला जागा मिळाली.

झालं होतं असं. पहिल्याच ऑक्टोबरात सई तिच्या कॉलेजातल्या सल्लागार बाईंना भेटली होती. त्यांनी आराखडा पाहिला, कौतुक केलं, आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. कॉलेजने जीवशास्त्र माफ केलं हे खरं, पण पुष्कळशा मेडिकल कॉलेजांना ती माफी चालत नाही. त्यांना विषय कॉलेजात, प्रयोगशाळेसकट केलेला लागतो. थोडक्यात, ज्या पायावर इमला उभा होता तो पायाच नव्हता. सई संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, इट्स बॅड. आता लगेच बायो नाही घेतलं तर अख्खं वर्ष जाईल. आर्ट हिस्टरी ड्रॉप करून त्या जागी बसवता येईल, मुदत संपलीय, पण बाईंनी परमिशन दिलीय."

मी म्हटलं, मग बापाला सांग. तिने रविवारी प्रयत्न केला. मी साक्षीदार आहे. "बाबा, ते एपी बायो आहे ना," एवढंच ती म्हणाली, तर भाऊजींचा चेहरा उजळला. ते म्हणाले, अगं तेच तर सगळ्यात भक्कम आहे, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. आणि त्यांनी त्या चिठ्ठीवर अंगठा असा फिरवला, जसा आपण नव्या गाडीच्या रंगावर फिरवतो. सईने त्यांना आणखी एक पराठा वाढला. ते गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. एवढं मोठं शिक्षण, आणि बापाला चूक दाखवायची छाती नाही? तेव्हा तिने मला सांगितलं. भाऊजींच्या कारखान्याचं प्लॅनिंग त्या उन्हाळ्यातच दुसऱ्या राज्यातल्या एका संगणकाकडे गेलं होतं. खुर्ची होती, पगार होता, नट मात्र एकही उरला नव्हता. "ही गोज टू वर्क अँड सिट्स देअर, मामा. आईला पण माहीत नाही, मला त्याच्या एका कलीगच्या मुलाकडून कळलं. माझा प्लॅन एवढाच आहे त्याच्याकडे."

मी त्यांच्याविषयी वाईट बोलणं त्यानंतरही थांबवलं नाही. पण आवाज थोडा खाली आणला.

तर भाऊजींच्या कागदावर सई कलेचा इतिहास शिकत राहिली आणि प्रत्यक्षात बेडूक फाडत राहिली. जीवशास्त्राचं जाड पुस्तक, पांढरा कोट आणि प्रयोगशाळेचा चष्मा माझ्या पलंगाखाली राहायला आला. एका रविवारी भाऊजींची पेन्सिल घरंगळत पलंगाखाली गेली आणि ती काढायला वाकलेले भाऊजी चष्मा घेऊन वर आले. हे काय, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की कांदा चिरताना घालतो, डोळ्यांत पाणी येत नाही. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं असेल. पुढच्या रविवारी ताईचा फोन आला. ती म्हणाली, स्वयंपाकघरात मला वेल्डरसारखं उभं केलंय, हे तुझंच काम ना?

एवढ्याने भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण भाऊजींना मुलीचा अभ्यास तपासायचा असे. आज कुठलं चित्र शिकलीस, असं ते दर रविवारी विचारत. म्हणून सई शनिवारी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणायची, त्यातलं एक चित्र निवडायची, त्याच्याबद्दल पानभर वाचून ठेवायची आणि रविवारी पराठे खाता खाता बापाला शिकवायची. पहिले दोन रविवार भाऊजींनी ते हजेरी घेतल्यासारखं ऐकलं. तिसऱ्या रविवारी तिने एक जुनं चित्र दाखवलं. टेबल, त्यावर कथलाचा जग, पाव, आणि एक अर्धवट सोललेलं लिंबू. साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. भाऊजी पाहत राहिले. मग म्हणाले, "हे अर्धंच का सोललं? कोण उठून गेलं?"

सईने सांगितलं की तशी पद्धत होती, चित्रकाराला आपलं कसब दाखवायचं असे. ते त्यांना पटलं नाही. घरी जाऊन त्यांनी ताईला विचारलं. बुधवारी मला लॅबमध्ये फोन करून विचारलं. कोणीतरी लिंबू सोलता सोलता मधेच उठलं, परत आलं नाही, आणि ते कोणीच पूर्ण केलं नाही, ही गोष्ट त्या माणसाला सहन होत नव्हती. पुढे ते वही ठेवू लागले. खिडकीशी उभी असलेली बाई, गोठलेल्या नदीवर घसरगुंडी खेळणारी पोरं, म्हातारीचे हात. वहीत प्रत्येकाखाली त्यांचा एकेक प्रश्न असे आणि रिव्हिजनचा कागद पराठ्याच्या डब्याखाली तसाच पडून राही. पहिलं वर्ष संपलं तेव्हा आराखड्याप्रमाणे कला संपायला हवी होती. पण पन्नासावी की एक्कावन्नावी रिव्हिजन घेऊन आले ते त्यात कलेचा इतिहास भाग तीन होता. मेडिकल कॉलेजांना सातत्य आवडतं, असं काहीतरी ते पुटपुटले. सईने माझ्याकडे पाहिलं. मी पराठ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलात, मंगळवारी दुपारी, भाऊजी माझ्या लॅबच्या दारात उभे होते. मंगळवारी! इतक्या वर्षांत एक दिवस रजा न घेतलेला माणूस. हातात एक पाकीट होतं. उन्हाळ्यात अर्ज भरायचे म्हणून त्यांनी पाच मेडिकल कॉलेजांना आपला आराखडा अभिमानाने पाठवला होता, आणि त्यांतल्या एकाने सविस्तर उत्तर दिलं होतं. जीवशास्त्राची माफी ग्राह्य नाही. मी पत्र वाचलं. भाऊजी माझ्या खुर्चीवर बसले होते आणि कोट काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"पहिलीच चिठ्ठी रे," ते म्हणाले. "पहिलीच चुकली. तिचं वर्ष गेलं. मी तिला एक संध्याकाळ मोकळी दिली नाही या तीन वर्षांसाठी, आणि वर्ष मीच घालवलं." मग म्हणाले, "तू सांगशील का तिला? माझ्याने नाही होणार."

इतकी वर्षं ज्या क्षणाची मी वाट पाहिली होती तो हा. भाऊजी चुकले होते, स्वतःच्या तोंडाने कबूल करत होते, आणि मला त्यांना चार शब्द सुनावायला पूर्ण मोकळीक होती. मी त्याऐवजी सईला फोन केला आणि ताबडतोब ये म्हटलं.

ती धापा टाकत आली. पत्र पाहिलं, बापाचा चेहरा पाहिला, आणि सगळं सांगून टाकलं. ऑक्टोबर, सल्लागार बाई, बदललेला विषय, दोन्ही सेमिस्टरं. भाऊजी ऐकत होते. मी समजत होतो आता स्फोट होणार.

"लॅबसकट?" त्यांनी विचारलं.

"लॅबसकट, बाबा."

"आणि ग्रेड?"

"ए. सेकंड सेमिस्टरला ए मायनस."

"मायनस का?"

सईला हसू फुटलं, मलाही. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, पाकिटाच्या मागच्या बाजूला काहीतरी आकडेमोड केली, आणि वर्ष वाचतंय याची खात्री झाल्यावर एक मोठा श्वास सोडला. मग पेन्सिल हातातच राहिली.

"मग ती चित्रं?"

सईने लायब्ररीचं पुस्तक आणि शनिवारचं पान सांगितलं. भाऊजी म्हणाले, "मला वाटायचं, तू ती वर्गातून माझ्यासाठी आणतेस." एवढंच म्हणाले. पण मला तिथून उठून जावंसं वाटलं. सई त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि म्हणाली, "वर्गातून नाही, पण तुझ्यासाठीच आणायचे ना, बाबा. दुसऱ्या कोणासाठी?"

त्यांनी पाकिटावरची आकडेमोड पुन्हा तपासली. मग हिशोबाला पक्का माणूस, त्यांच्या लक्षात आलं. "आणि यंदाचा भाग तीन? जीवशास्त्र तर झालं होतं. त्या तासांना काय करत होतीस?"

सई जरा घुटमळली. "झोपायचे," ती म्हणाली. "आठवड्याचे तीन तास. मामाकडे येऊन. आय वॉज सो टायर्ड, बाबा."

हे मात्र खरं होतं. माझ्या सोफ्याला तिच्या डोक्याचा खळगा पडला होता. भाऊजींनी पेन्सिल उचलली आणि पाकिटावर, सगळ्या आकड्यांच्या खाली, एक शब्द लिहून त्याच्याभोवती चौकट काढली. मी वाकून पाहिलं. ‘झोप’ असं लिहिलं होतं.

सईला प्रवेश मिळाला, शेजारच्या ओहायोत. माझी पीएचडीही अखेर संपली, सहा वर्षांचं काम सात वर्षांत, आणि मी नोकरीसाठी व्हर्जिनियाला हर्नडनला गेलो. भाऊजींच्या कंपनीने त्यांना वेळेआधी निवृत्त केलं. गेल्या हिवाळ्याआधी मी ट्रॉयला गेलो होतो. तळघरातलं पिंगपाँगचं टेबल मोकळं होतं. ताई त्यावर आता पापड वाळवते, चष्मा घालून कांदाही तिथेच चिरते. रविवारी सकाळी भाऊजी मला म्हणाले, चल, डेट्रॉईटला जाऊ. मला वाटलं काही काम असेल. ते मला तिथल्या कलासंग्रहालयात घेऊन गेले. दारावरच्या माणसाने त्यांना नावाने हाक मारली, आणि आम्ही तीन दालनं ओलांडून एका छोट्याशा चित्रासमोर थांबलो. टेबल, काचेचा पेला, आणि एक लिंबू, अर्धं सोललेलं. ते चित्र नव्हे, पण त्याचं भावंड म्हणावं असं.

बरोबर दहाला त्यांनी मोबाइल काढला आणि ओहायोला लावला. सई तिसऱ्या वर्षाला आहे, वॉर्डात खऱ्या रोग्यांमध्ये. शनिवारची रात्रपाळी करून नुकतीच खोलीवर आलेली असते. आता चित्र भाऊजी शिकवतात. ते हळू आवाजात सांगू लागले : पेला डावीकडे आहे, त्यात खिडकी उमटली आहे, खिडकीत एक झाड आहे, ते फार बारकाईने पाहिल्यावर दिसतं. थोड्या वेळाने पलीकडचं हुं हुं थांबलं. मी शेजारीच उभा होतो. फोनमधून संथ श्वास ऐकू येत होता.

मी कुजबुजलो, भाऊजी, झोपली ती, ठेवा आता.

"झोपू दे," ते म्हणाले. "हे प्लॅनमध्ये आहे." आणि फोन तसाच कानाशी धरून, आवाज आणखी खाली आणून, त्यांनी लिंबाचं सांगायला घेतलं.